कृपया हात लावू नये

मराठीतलं सर्वांत दुष्ट वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं (अजून कुणी विचारलेलं नाही, पण माणसानं तयार असावं), तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘कृपया हात लावू नये.’ ‘कुत्र्यापासून सावध’ हे वाक्य त्या मानानं पुष्कळ सज्जन आहे. त्यात आपल्या पोटरीची काळजी असते. ‘आज रोख उद्या उधार’ या पाटीत तर उद्याची आशासुद्धा आहे. ‘कृपया हात लावू नये’मध्ये आशा नाही, काळजी नाही, माया नाही. आहे ती फक्त आपल्या हाताबद्दलची शंका. आणि वर ‘कृपया’! म्हणजे आधी थोबाडीत द्यायची आणि मग गालावर हळद लावायची.

हे वाक्य विजेच्या डब्यावर असलं तर माझी तक्रार नाही. नुकत्याच रंगवलेल्या बाकावर असलं तरी नाही. पण गेल्या दिवाळीत ते मी एका बाहुलीच्या पंगतीपुढे पाहिलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, तांबड्या शाईत, वळणदार अक्षरात. ते वळणदार अक्षर कुणाचं होतं ते योग्य वेळी सांगेन. आत्ता सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि वाचलंत तरी माझ्या बाजूनं वाचणार नाही.

बाहुलीची पंगत म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ती रोज बसायची. माझी थोरली बहीण मांडायची. काडेपेटी उघडून पालथी घातली की पाट. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन ‘काका, चिंध्या द्या ना’ म्हटलं की ओंजळभर कातरण मिळायचं. त्यातलाच एखादा खणाचा तुकडा पाटावर अंथरायचा. चिंचेचा पाला दोऱ्यात ओवला की आंब्याच्या पानांचं तोरण. बाटलीची बुचं ही ताटं. ताटाभोवती महिरप हवीच, तिच्यासाठी आईच्या फुटलेल्या पोतीचे मणी. ते तारेत ओवून तार वाकवायची. तार कधीही हवी तशी वाकायची नाही. त्यामुळे ताईची महिरप ही महिरपीपेक्षा आजारी गोगलगाईसारखी दिसे. फराळ मात्र खरा असायचा. एका बुंदीचा एक लाडू, शेवेच्या एका वेढ्याची एक चकली आणि चिमूटभर चिवड्यात एक शेंगदाणा. तो ज्याच्या ताटात येई तो जावई.

ही पंगत दुपारी दोनला बसे आणि चारला उठे. उठे म्हणजे उठवली जाई. चारला बाबांचा चहा. आई ओरडायची, ‘तो पसारा उचला आधी!’ मग पाट, ताट, महिरप, यजमान, जावई, सगळं एका फडक्यात बांधून कोनाड्यात जाई आणि दुसऱ्या दिवशी निम्मं हरवलेलं असे. जे हरवे ते पुन्हा करायचं. मला आठवतंय, एका सुट्टीत ताईनं सहा तोरणं केली. सहावं खरोखर चांगलं झालं होतं. ते गाईनं खाल्लं.

आता माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मुद्दाम सरळ शब्दांत मांडतो : बाहुलीची पंगत ही पोरांनी करायची, वेडीवाकडी करायची, मोडायची आणि पुन्हा करायची गोष्ट आहे. आम्हा मोठ्या माणसांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आहे. ही चोरी आहे. ती आम्ही कलेच्या नावाखाली केली, म्हणून कुणी पोलिसांत जात नाही, एवढंच.

ही चोरी तशी जुनी आणि मोठ्या घरांतली. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या एका श्रीमंत बाईंचं बाहुलीघर आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीचं. बाईंनी खऱ्या कारागिरांकडून खऱ्या वस्तूंच्या चिमुकल्या प्रतिकृती करून घेतल्या, आणि या हौसेपायी त्या काळात कालव्याकाठचं खरंखुरं घर येईल एवढा पैसा ओतला. म्हणजे राहायचं घर सोडून दुसरं घर घेतलं, तेही ज्यात कुणाला राहता येत नाही असं. आमच्याकडे हल्ली लोक गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतात, त्यातलाच हा प्रकार.

इंग्रज मागे कसे राहतील? लंडनजवळ विंडसर कॅसलमध्ये मेरी राणीचं बाहुलीघर आहे. ते १९२१ ते १९२४ या काळात झालं. एकास बारा हे प्रमाण, म्हणजे खरी वस्तू फूटभर तर ही इंचभर. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं (गार आणि गरम, दोन्ही. हे वाचून आमच्या सोसायटीत काही काळ अस्वस्थता पसरली होती), लिफ्ट चालते, तळघरातल्या बाटल्यांत खरी दारू आहे, आणि ग्रंथालयासाठी खुद्द कॉनन डॉयलनी शेरलॉक होम्सची एक इवलीशी गोष्ट लिहून दिली. दीड हजाराहून अधिक कलावंत आणि कारागीर खपले. वास्तुरचनाकार कोण? एडविन लुटेन्स. त्याच वर्षांत हे गृहस्थ दिल्लीत व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचं राष्ट्रपतिभवन बांधत होते. एका हातानं साडेतीनशेच्या जवळपास खोल्या आणि दुसऱ्या हातानं बाहुलीचा जिना. माणूस कर्तबगार, यात वाद नाही. पण हे सगळं कुण्या पोरीला खेळायला केलं नव्हतं. राणीला भेट म्हणून केलं, १९२४ साली प्रदर्शनात मांडलं, आणि मग ते काचेआड गेलं. शंभर वर्षं झाली. त्या घरातलं ताट कुणी कधी घासलं नाही. कारण त्यात कधी कुणी जेवलंच नाही.

आता राण्यांचं ठेवू बाजूला. मी माझ्या स्वतःच्या गुन्ह्याकडे येतो.

माझी नात सहा वर्षांची. गेल्या वर्षी गणपतीत ती फोनवर म्हणाली, ‘आजोबा, दिवाळीला ठकीला फराळाला पंगत करायची. तुम्ही पाट करा.’ ठकी म्हणजे तिची लाकडी बाहुली. रुंद चेहरा, मोठे डोळे, हात अंगाला चिकटलेले; वर्षानुवर्षं काही न बोलता सगळं पाहणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखी. नातीनं ‘पाट करा’ एवढंच सांगितलं होतं, हे पुन्हा पाहून ठेवा. मी निवृत्त माणूस. निवृत्त माणसाला कुणी ‘पाट करा’ म्हटलं की तो पाटावर थांबत नाही.

मी एकास बाराचं प्रमाण धरलं. पाट दीड इंचाचा, ताट कोटाच्या बटणाएवढं. मग शिवणाला बसलो, आणि तिथे मला कळलं की वस्तू लहान करता येतात, पण कापड लहान होत नाही. दोन मिलिमीटरचा टाका आपल्याला नाजूक वाटतो. बाहुलीच्या हिशेबानं तो जवळजवळ इंचाचा होतो. अशा टाक्यांनी कुणी आपल्याला बसकर शिवून दिलं तर आपण शिंपी बदलू. खणाचा काठ पाटापेक्षा रुंद. चौरंगावर घातलेलं वस्त्र खाली पडतच नाही. चारी बाजूंनी छपरासारखं ताठ उभं राहतं, कारण खाली पडायला कापडाला वजन लागतं आणि दोन इंचांच्या कापडाला ते कुठून असणार? मग मी जुन्या धोतराची विरलेली मलमल काढली, सहापदरी रेशमातला एकच पदर सुईत घातला, कापड गोंदाच्या पाण्यात बुडवलं आणि चुण्या टाचण्यांनी बसवून रात्रभर वाळवलं. सकाळी चौरंगावरचं वस्त्र असं सुरेख पडलेलं होतं की मला भरून आलं. लोडात कापूस घातला तर लोड हवेत तरंगल्यासारखे दिसत. म्हणून त्यांत राजगिरा भरला. तेव्हा ते सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे भारदस्त बसले. समईसाठी खाली टिचबटण, त्यावर टाचणी, वर मणी. उदबत्ती म्हणजे केरसुणीची काडी चिरून तिचा अष्टमांश. आणि महिरप! बारा ताटांच्या बारा महिरपी, एकीसारखी दुसरी. तार वाकवायला मी पक्कड आणली. ताईकडे पक्कड नव्हती.

सौ. रोज येऊन बघत होती. आठव्या दिवशी म्हणाली, ‘अहो, आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या ब्लाउजचं बटण तुम्ही कधी लावलं नाहीत.’ मी म्हणालो, ‘ते एकास एक प्रमाणातलं काम आहे.’ त्यानंतर दोन दिवस मला चहा एकास बारा प्रमाणात मिळाला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी नात आली. टेबलावर पंगत मांडलेली. बारा पाट, बारा ताटं, रांगोळी, तोरण, समया. नातीनं एकदा पाहिलं, डोळे मोठे केले, आणि ठकीला काखेत घेऊन सरळ पहिल्या पाटाकडे हात नेला.

‘हात लावू नकोस!’

हे कोण ओरडलं? मी. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी तिला समजावलं की बाळ, गोंद अजून कच्चा आहे, नंतर खेळू. मग शेजारचे आले, त्यांनी फोटो काढले. मग आमच्या भागातल्या एका मंडळाचं दिवाळीनिमित्त हस्तकला प्रदर्शन होतं, तिथे माझी पंगत पाठवावी असं ठरलं. ठरवलं मीच. जाताना मी पांढरा पुठ्ठा घेतला, तांबडी शाई घेतली, आणि वळणदार अक्षरात ते वाक्य लिहिलं. माझं अक्षर लहानपणापासून चांगलं आहे. पहिला नंबर आला. बारा पाट होते, आणि बसलेलं कुणी नव्हतं. ठकी एकास बाराच्या प्रमाणात बसत नव्हती, म्हणून मी तिला घरीच ठेवली होती. परीक्षकांच्याही ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी बक्षीस घेऊन घरी आलो तर आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पंगत बसली होती. काडेपेट्या. औषधाच्या बाटल्यांची झाकणं. माझा इस्त्रीचा हातरुमाल दातांनी फाडून केलेली बसकरं. महिरपीच्या जागी माझ्या टोपलीतून सांडलेले मणी, नुसतेच गोल मांडलेले. त्यातले चार घरंगळलेले. रांगोळी टाल्कम पावडरीची. ठकी मधोमध, तिच्या शेजारी एक प्लास्टिकचा हत्ती, एक बॅटरी संपलेली मोटार आणि सौ. सौ. खाली मांडी घालून बसली होती. तिला गुडघ्यांमुळे बारा वर्षं खाली बसता येत नाही.

मी वाकलो. नात म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही लांबून बघा. हात नाही लावायचा.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पंगतीचा नियम असाच असतो, असं ती माझ्याकडून शिकली होती, एवढंच.

आता आमच्या बाजूचे, म्हणजे हौशी, निवृत्त आणि पक्कडवाले लोक यावर काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे, कारण दीड महिना मी तेच म्हणत होतो. पहिला मुद्दा : ‘अहो, कला जपायला नको का?’ जपा की. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी तासन्‌तास घालवले आहेत. दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी. तिथे काच आहे, आणि ती असायलाच हवी. पण तिथला अडकित्ता आधी कुणाच्या तरी हातात सुपाऱ्या कातरून आला आहे. दिवा आधी जळला आहे. त्या वस्तू आधी आयुष्य जगल्या आणि मग काचेत गेल्या. आम्ही मात्र बाहुलीचं ताट थेट काचेतच जन्माला घालतो. आणि त्या संग्रहालयाला नाव आहे ते केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं. वस्तू कशासाठी जपायच्या असतात, हे ज्यांनी तो संग्रह केला त्यांना तरी कुणी शिकवायला नको होतं.

दुसरा मुद्दा : ‘मुलांना जमत नाही हो!’ अगदी खरं. ताईलाही पाच तोरणं जमली नव्हती. सहावं कुठून आलं मग? ते पहिल्या पाचांतूनच आलं. आपण पहिली पाच करूनच दिली नसती, तर गाय उपाशी राहिली असती.

तिसरा मुद्दा : ‘बाजारात तयार मिळतंच की.’ मिळतं. मी पाहिलं आहे. एका पाटीवर अख्खी पंगत, आणि सगळं डिंकानं चिकटवलेलं. ताट उचलता येत नाही, वाटी हलत नाही. जेवण झालं तरी पंगत उठत नाही. असल्या पंगतीत वाढायचं कसं आणि आग्रह करायचा कुणाला?

आणि मुलग्यांच्या किल्ल्याचं बघा. दिवाळीत अंगणात किल्ला होतो. माती, दगड, गोणपाट, चिखलाचे हात. पोरं हळीव पेरतात, त्याला कोंब आले की जंगल. बुरूज ढासळतो, पुन्हा उभा करतात. या किल्ल्यापुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली तर मावळेच हसतील. किल्ला करताना मुलगा चिखलात लोळला तर तो पराक्रम, आणि पंगत मांडताना मुलीनं चिंध्या पसरल्या तर तो पसारा! बाबांच्या चहासाठी किल्ला पाडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

उपाय नाही असंही नाही. माटुंग्याला नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या तमिळ मामींकडे नवरात्रात कोलू मांडत. पायऱ्या, पायऱ्यांवर बाहुल्या. सगळ्यांत खाली शेट्टी नवरा-बायकोचं वाणसामानाचं दुकान, पुढे तांदूळ-डाळींचे इवले ढीग. वरच्या पायऱ्या मामींच्या. त्यांच्या परवानगीशिवाय माशीसुद्धा बसत नसे. पण पायऱ्यांच्या पुढची जमीन मुलांची. तिथे ती मोहरी पेरून बाग करायची, आरशाचं तळं करायची, आणि त्या बागेत देवाधर्माशी काहीही संबंध नसलेली एक आगगाडी फिरायची. मामी तिकडे बघतसुद्धा नसत. आणि विजयादशमीच्या रात्री एक बाहुली हातानं आडवी करून निजवत. कितीही नटवलेली असली तरी शेवटी बाहुलीला निजवावं लागतं आणि त्यासाठी तिला हात लावावा लागतो, हे त्या घराला माहीत होतं.

म्हणून मी माझ्या बिरादरीला विनंती करतो. शिवा, जरूर शिवा. मलमल कशी पडते, लोड कसा बसतो, हे शोधण्यात मोठा आनंद आहे. तो मी सोडणार नाही. पण पोरांनी पाट मागितला तर पाटच द्या. सुईत दोरा ओवून द्या आणि गाठ मारून द्या, कारण गाठ खरंच जमत नाही. पुढे हात मागे घ्या. ते सर्वांत अवघड शिवणकाम आहे. आणि घरात पक्कड असेल तर ती कुलपात ठेवा.

पाडव्याला मी प्रदर्शनातून पंगत घरी आणली आणि नातीसमोर ठेवली. म्हटलं, घे. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पाटीवरचं वाक्य बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. म्हणाली, ‘मग हे?’ मी पुठ्ठा पालथा करून दिला. मागची बाजू कोरी होती; तिनं तिथे ठकीसाठी दार काढलं आणि कात्रीनं कापलं. संध्याकाळपर्यंत बारापैकी सात ताटं राहिली होती. समया तीन. महिरपी ठकीच्या हातात बांगड्या म्हणून चढवल्या गेल्या. हात अंगाला चिकटलेले असल्यामुळे त्या गळ्यातच अडकल्या. दोन लोड उसवले आणि राजगिरा सगळ्या घरभर झाला. सौ. झाडायला उठली, तेव्हा मी म्हणालो, ‘राहू दे. पसारा उद्या उचलू.’

ती म्हणाली, ‘उचलू नाही. उचला.’

उचलला. जातायेता अजून पायाला राजगिरा लागतो.